निंबाळी फाट्याचा दहावा ठिपका

हर्षल मेला नाही, हे प्रणिताला सगळ्यात आधी सांगण्यात आलं. अपघात झाला हे त्यानंतर, आणि कुठे झाला हे सगळ्यात शेवटी. गस्ती रुग्णवाहिकेच्या केंद्रातून बोलणाऱ्या मुलीला तसंच शिकवलेलं असावं. तुमचे यजमान हयात आहेत, त्यांना निजवलंय, नागपूरला नेत आहोत, असं एका दमात सांगून तिनं रुग्णालयाचं नाव दिलं, आणि जागा विचारल्यावर म्हणाली, "निंबाळी फाटा."

प्रणिता तेव्हा वणीच्या कॉलेजात बारावीच्या वर्गाला सांख्यिकी शिकवत होती. पुढच्या बाकावरच्या मुलींनी तिचा चेहरा पाहिला आणि वह्या मिटल्या. निंबाळी फाटा म्हटल्यावर त्या भागात कुणाला पुढचं विचारावं लागत नसे.

खाणींच्या बाजूनं येणारा रस्ता तिथं उतारावर असतो आणि उतार संपायच्या आत डावीकडे वळतो. नेमका त्याच वळणावर निंबाळी गावचा रस्ता खालून चढून त्याला मिळतो. मधे मोरीचा उंच कठडा. त्यामुळे गावाकडून येणाऱ्याला ट्रक दिसत नाही आणि कोळसा भरून उतरणाऱ्या ट्रकला गावाकडून येणारा दिसत नाही. दोघं एकमेकांना पाहतात तेव्हा पाहण्याशिवाय काही करायला वेळ उरलेला नसतो. हर्षल देरकर सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. चुनखडीचे नमुने घेऊन निंबाळीहून परत निघाला होता. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला होता, हे खरं. टायरचे काळे पट्टे रस्त्यावर पुढे कितीतरी दिवस होते.

निजवण्याचा उपचार येऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. थंड प्रदेशातल्या खारी हिवाळाभर बिळात पडून राहतात, त्यांचं काळीज मिनिटाला चार-पाच ठोके देतं, आणि तरीही वसंतात त्या उठून पळायला लागतात. हे कसं होतं याचा शोध घेताना शास्त्रज्ञांना मेंदूच्या तळाशी, भूक-तहान आणि अंगाची ऊब सांभाळणाऱ्या भागात, पेशींचा एक लहानसा पुंजका सापडला. तो चेतवला की शरीरातली प्रत्येक पेशी आपली प्राणवायूची मागणी आपणच उतरवते. भट्टीची हवा कमी केल्यासारखं. माणसातही तो पुंजका आहे, फक्त लाखो वर्षं कुणी त्याला हाक मारलेली नाही, असं निघालं. मग औषध आलं. रस्त्यावरच सुई टोचायची. अंग थंड पडत जातं, रक्त वाहायचं मंदावतं, मेंदूची सूज थांबते. पूर्वी जखमीच्या हाती एक तास असायचा, तिथं आता आठवडे मिळू लागले. औषधाचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक म्हणायचे, निजवलं.

त्या निजेनं हजारो माणसं वाचली, यात खोटं काही नाही. प्रणिताच्याच गल्लीतली एक मुलगी तीन आठवडे निजून उठली होती आणि आता बँकेत नोकरीला जात होती. म्हणून नागपूरच्या वाटेवर प्रणिता आणि तिच्या सासूबाई, छायाबाई, दोघीही रडल्या नाहीत. निजवलंय म्हणजे उठेल, असाच त्या शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात बसला होता.

डॉक्टर खानझोडे या पन्नाशीच्या बाई होत्या आणि त्यांना गोड बोलणं जमत नसे. आठवडाभरानं त्यांनी प्रणिताला खोलीत बोलावलं, पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं आणि मेंदू जिथं मणक्याला मिळतो ती जागा बोटानं दाखवली. श्वास आणि ठोके तिथून चालतात. ती जागा फाटलेली होती. निजेत शरीराला त्या जागेची फारशी गरज पडत नाही, यंत्रं भागवतात. ऊब देऊन उठवायला गेलं की गरज पडणार, आणि तेव्हा तिथं कुणी नसणार.

"म्हणजे उठणार नाहीत," प्रणिता म्हणाली.

"नाही. निजेनं मेलेलं परत येत नाही. ते फक्त तिथंच थांबतं." मग त्या जरा सौम्यपणे म्हणाल्या, "ऊब कधी द्यायची ते घरच्यांनी ठरवायचं. दोन-अडीच महिने शरीर टिकेल. घाई कुणी करत नाही. तुम्हीही करू नका."

घाई कुणी करत नव्हतं, हे त्या मजल्यावर बसलं की दिसायचं. काचेपलीकडे माणसं ओळीनं निजलेली होती आणि काचेच्या अलीकडे त्यांची घरं बसलेली होती. कुणाची मावशी यायची होती, कुणी नवस बोललेला होता, कुणाला दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं होतं. प्रत्येकाच्या थांबण्याला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं.

छायाबाई रोज सकाळी जाड हातमोजे घालून आत जात आणि हर्षलचे तळपाय चोळत. आयुष्यभर अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळून त्यांनी हर्षल आणि सोनल या दोन लेकरांना एकटीनं वाढवलं होतं. सोनल न्यूझीलंडला होती, तिच्याशी त्या दुपारी फोनवर बोलत. एकदा बाहेर येऊन त्या प्रणिताला म्हणाल्या, "त्याची दाढी वाढत नाही गं." तेवढंच. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

करण्यासारखं काही नसतं तेव्हा माणूस आपल्या ओळखीचं काम शोधतो. प्रणितानं मोबाईलवर राज्याचा अपघात नकाशा उघडला. तो सगळ्यांना खुला होता. रस्त्यावरच्या प्रत्येक मृत्यूला तिथं एक लाल ठिपका असे. ठिपक्यावर बोट ठेवलं की तारीख, वेळ, वाहनं, उजेड कसा होता, मृताचं वय, सगळं दिसे. नाव मात्र नसे. गंभीर जखमींचे ठिपके पिवळे. दरवर्षी ती बारावीच्या मुलांना हाच नकाशा देई, आकडे उतरवून घ्यायला लावी, आलेख काढायला लावी. निज आल्यापासून लाल रेघ खाली खाली येत होती. सहा वर्षांत मृत्यू तिसऱ्या हिश्श्यानं घटले होते. जगातले सगळेच आलेख वाईट बातमी देत नाहीत, असं ती वर्गात सांगायची. तिला ते वाक्य आवडायचं.

निंबाळी फाट्यावर लाल ठिपके नऊ होते. ती एकेकावर बोट ठेवत गेली आणि तिला गेडाम सर सापडले नाहीत. गेडाम सर कॉलेजचे ग्रंथपाल. आदल्या वर्षी दिवाळीनंतर याच फाट्यावर ट्रकखाली सापडले, चाळीसेक दिवस निजेत होते, मग गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला ती स्वतः गेली होती. नोंदवायचं राहून गेलं असेल, म्हणून तिनं पिवळे ठिपके पाहिले. दिवाळीनंतरची तारीख, पुरुष, वय चौपन्न, गंभीर जखमी. गेडाम सर त्या नकाशावर अजून जखमीच होते.

नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरात व्याख्या असते. प्रणिता ती मुलांना वाचायला लावायची, पण परीक्षेत येत नसल्यामुळे त्यावर थांबायची नाही. आता ती थांबली. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू तोच रस्ता अपघाती मृत्यू. नियम जुना होता, जगभर सारखा होता, आणि केला तेव्हा शहाणपणाचाच होता. कारण ज्यांना जायचं असे ते बहुतेक पहिल्या दिवसात, फार तर पहिल्या आठवड्यात जात. तिसाव्या दिवसापलीकडे मोजण्यासारखं फारसं कुणी उरतच नसे. निजेनं ते सगळं बदललं होतं आणि व्याख्येला ते कुणी कळवलं नव्हतं.

आरोग्य खात्याचा एक वेगळा तक्ता होता, तोही खुला: कुणाला कधी निजवलं, ऊब कधी दिली, पुढं काय झालं. तालुका, वय आणि तारीख जुळवत तिनं दोन्ही तक्ते एकत्र केले. काचेजवळच्या बाकावर बसून दोन दिवस ती तेच करत होती. अपघातानंतर किती दिवसांनी माणूस गेला याचा तिनं आलेख काढला. जुन्या वर्षांत पहिल्याच दिवशी एक उंच टेकडी होती. नव्या वर्षांत ती टेकडी बुटकी झाली होती आणि तीसच्या रेघेपलीकडे, चाळीस-पन्नासच्या आसपास, दुसरी टेकडी उभी राहिली होती. दोन्ही मिळून मोजलं तर मृत्यू घटले होते, पण तिसऱ्या हिश्श्यानं नाही, जेमतेम दहाव्या. बाकीचे मेलेच होते, फक्त उशिरा. आणि उशिरा मेलेल्यांना नकाशात जागा नव्हती.

निंबाळी फाट्यावरच्या पिवळ्या ठिपक्यांपैकी चार माणसं जिवंत नव्हती.

तालुक्याचे रस्ते सांभाळणारे उपअभियंता रामटेके यांना ती जाऊन भेटली, ते त्या चार ठिपक्यांसाठी. नकाशा चुकलाय आणि तो दुरुस्त करायला सांगावं, एवढंच तिच्या मनात होतं. रामटेके साहेबांनी तिचे आलेख शांतपणे पाहिले. त्यांना नवल वाटलं नाही. फाट्यासाठी त्यांनी तीनदा प्रस्ताव पाठवला होता आणि व्याख्या बदला असंही वरती लिहून पाहिलं होतं. उत्तर आलं होतं की व्याख्या बदलली तर मागच्या वर्षांशी तुलना करता येणार नाही.

"मॅडम, त्या फाट्यावर किती गेले ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "दोघांना मी स्वतः उचललंय. पण प्रस्ताव टाकला की यंत्रणा एकच विचारते, तीन वर्षांत लाल किती. नऊ म्हटलं की परत. पिवळे पन्नास असले तरी ती बघत नाही."

दहा झाले तर काय, हे तिनं विचारलं. दहावा ठिपका पडला की जागा आपोआप धोक्याच्या जागांच्या काळ्या यादीत जाते, त्यांनी सांगितलं. मग कुणाच्या सहीची गरज राहत नाही. पंधरा दिवसांत दिवे, सिग्नल आणि वेग तोडणारे पट्टे लावणं कायद्यानंच बंधनकारक. पुढच्या वर्षात खालून बोगदा.

बोलता बोलता त्यांनी हर्षलची चौकशी केली. डॉक्टर काय म्हणतात ते तिनं सांगितलं. किती दिवस झाले, त्यांनी विचारलं. तेवीस, ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते उमगलं. रामटेके साहेबांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी चहा मागवला.

छायाबाईंना तिनं रुग्णालयाच्या आवारात, नीलमोहराच्या पारावर बसवून सांगितलं. आकडे सांगितले नाहीत. एवढंच सांगितलं की हर्षल तीस दिवसांच्या आत गेला तर तो फाट्यावर गेला असं धरतील आणि फाटा दुरुस्त होईल, नंतर गेला तर तो कुठेच गेलेला नसेल. छायाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तू त्याले एका ठिपक्यासाठी उठवतं?" त्या म्हणाल्या.

"आई, ते गेलेत. कधी गेले म्हणायचं, तेवढंच आपल्या हातात आहे."

छायाबाई उठून गेल्या. पुढचे दोन दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत. काचेजवळच्या बाकावर त्या एका टोकाला आणि प्रणिता दुसऱ्या टोकाला. प्रणितालाही आपली खात्री वाटत नव्हती. हर्षल शेजारी झोपलेला असताना तिनं त्याचा हात आपल्या पोटावरून बाजूला केला तरी तो झोपेतच परत टाकायचा. संसाराच्या आठ वर्षांतला तो हात आता काचेपलीकडे थंड पडला होता आणि ती त्याच्याबद्दल तारखा मोजत होती. आपण हे फाट्यासाठी करतोय की या बाकावरून सुटण्यासाठी, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं. तरी एकोणतिसाव्या दिवसाची सकाळ ठरवून तिनं डॉक्टरांना सांगितलं, आणि त्या संध्याकाळी छायाबाई आपणहून जवळ आल्या.

"कर," त्या म्हणाल्या. "निंबाळीले बी लेकरं आहेत लोकायची. पण सोनलले येऊ दे. एकच भाऊ आहे तिले."

सोनल निघायच्या तयारीत पहिल्या दिवसापासून होती, पण तिच्या कामाच्या परवान्याचं नूतनीकरण तिथल्या कचेरीत अडकलं होतं. त्याआधी देश सोडला तर तिला परत घेतलं नसतं. तिचा नवरा आणि लहान मुलगी तिथं होती. परवाना हातात पडला तो अठ्ठाविसाव्या दिवशी. मिळेल त्या विमानानं निघाली तरी ती बत्तिसाव्या दिवसाआधी नागपुरात पोचत नव्हती.

प्रणितानं रामटेके साहेबांना फोन करून विचारलं, दोन दिवस इकडे-तिकडे धरतात का. नियम संगणक लावतो, ते म्हणाले. तिनं डॉक्टर खानझोडेंना विचारलं. त्या म्हणाल्या की ठोके थांबतील ती वेळ यंत्र लिहितं, मी तारीख बदलू शकत नाही. मग तिनं सोनललाच सांगितलं. फोनवर सोनलचा चेहरा होता, मागं बांधलेली बॅग. ती भांडेल, आरडाओरडा करेल, असं प्रणिताला वाटलं होतं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. सोनल म्हणाली, "वहिनी, तुला योग्य वाटेल ते कर. मी निघते आहेच."

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी प्रणितानं संमतीवर सही केली. परिचारिका ऊब देण्याचं यंत्र लावायला आत गेली. छायाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी फक्त डोळे मिटले होते. प्रणिता त्यांच्याकडे पाहत राहिली. निंबाळी फाट्यावर उद्या कुणी मरेल, न मरेल. त्या माणसाला नाव नव्हतं, वय नव्हतं, तो अजून नकाशावर पडलेलाच नव्हता. सोनल मात्र होती, आणि ती त्या वेळी कुठल्यातरी विमानतळावर रांगेत उभी होती.

प्रणिता आत गेली आणि म्हणाली, "थांबा. तीन दिवस थांबूया."

सोनल बत्तिसाव्या दिवशी विमानतळावरून थेट तिथंच आली. दुपारी ऊब द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी काय काय होईल ते आधी सांगितलेलं होतं, तरी त्याची तयारी कुणाचीच झाली नव्हती. हर्षलच्या ओठांना रंग आला. गालावर रक्त चढलं. महिनाभरात पहिल्यांदाच त्याचा हात माणसाच्या हातासारखा गरम झाला. छायाबाईंनी हातमोजे काढून फेकले आणि तो हात आपल्या गालावर धरला. सोनलनं दुसरा हात धरला होता. तो आता डोळे उघडेल असं तिघींनाही वाटलं, सगळं माहीत असलेल्या प्रणितालासुद्धा. मग श्वास अडखळला, दोनदा परत आला, आणि थांबला.

वणीला आणून त्याला अग्नी दिला. सोनल तेरावं करून परत गेली. फाट्यावर जानेवारीच्या तारखेचा एक पिवळा ठिपका राहिला: पुरुष, वय सदतीस, गंभीर जखमी.

प्रणितानं आपला अभ्यास नीट लिहून खात्याला पाठवला, वर्तमानपत्राला पाठवला. खात्याची पोच आली. वर्तमानपत्रात तो एका रविवारी आतल्या पानावर छापून आला, आणि त्याच आठवड्यात राज्याला रस्ता सुरक्षेचं देशातलं पहिलं पारितोषिक मिळालं, त्याची बातमी पहिल्या पानावर होती. ती वर्गात जात राहिली. घरी दोघी बायका एकमेकींशी नीट वागत, स्वयंपाक वाटून घेत, सोनलचा फोन आला की एकमेकींना बोलवत. त्या तीन दिवसांबद्दल मात्र कुणी बोलत नव्हतं. बोलण्यासारखं तोवर काही झालेलंही नव्हतं.

ते जून महिन्यात झालं. निंबाळीची दीक्षा भगत, वय एकवीस, वणीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. सकाळी स्कूटीवरून कॉलेजला निघाली होती. मोरीच्या कठड्याजवळ चढ संपतो, तिथं. रुग्णवाहिका लगेच पोचली, पण सुई टोचायला काही राहिलं नव्हतं. प्रणिताला हे कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कळलं. कुणीतरी सांगत होतं आणि बाकीचे चुकचुकत होते. ती उठून रिकाम्या वर्गात गेली आणि नकाशा उघडला. ठिपका पडला होता. लाल. दहावा.

पुढं यंत्रणा किती चोख चालते ते तिनं पाहिलं. तीन दिवसांत रस्त्याच्या खात्याची माणसं मोजमाप घेऊन गेली. दहा दिवसांत उंच दिवे उभे राहिले, उतारावर जाड पट्टे बसले, कठडा फोडून तिथं जाळी लावली, लाल-पिवळा सिग्नल सुरू झाला. महिन्याच्या शेवटी ती बसनं तिथून गेली तेव्हा कोळशाचे ट्रक गुरांसारखे हळूहळू, एकामागे एक उतरत होते. बसमधले लोक म्हणत होते, चला, झालं एकदाचं. फाट्यावर कुणीतरी दीक्षाचा फोटो लावला होता.

घरी आल्यावर छायाबाईंनी विचारलं, दिवे लागले म्हणतात, खरं का? हो, ती म्हणाली. छायाबाई निवडत असलेल्या डाळीकडे पाहत राहिल्या. त्यांनी पुढचं विचारलं नाही. त्यांना हिशेब येत नव्हता असं नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, एक बाई दार वाजवून आत आली. चाळिशी ओलांडलेली, सुकलेली, खांद्याला कापडी पिशवी. वर्षा भगत, दीक्षाची आई. शाळेचे गणवेश शिवते म्हणाली. प्रणितानं तिला बसवलं, पाणी दिलं. छायाबाई आतून येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

वर्षा कुणाला दोष द्यायला आली नव्हती. तिनं पिशवीतून मोबाईल काढला आणि प्रणितासमोर धरला. त्यावर नकाशा होता. कुणाकडून तरी तो उघडायला शिकली होती.

"तुम्ही हे कॉलेजात शिकवता म्हणे, म्हणून आली," ती म्हणाली. "गावातले म्हणतात, तुझ्या पोरीमुळं रस्ता झाला. दहा झाले तं करतात म्हणे, अन् दीक्षा दहावी होती. मी मोजले. दहाच आहेत. पण तुमचे साहेब बी तिथंच गेले ना? जानेवारीतला लाल ठिपका नाही याच्यात. गेडाम सर नाहीत. त्यायले धरलं असतं तं दहा आधीच झाले असते. मंग माही पोरगी दहावी कशी?"

खोटं सांगणं अवघड नव्हतं. सरकारी चूक म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. प्रणितानं मोबाईल हातात घेतला आणि वर्गात सांगते तसं पहिल्यापासून सांगितलं. लाल म्हणजे काय, पिवळा म्हणजे काय, तीस दिवस म्हणजे काय. निज म्हणजे काय. गेडाम सर चाळीस दिवसांनी गेले. हर्षल बत्तिसाव्या दिवशी.

"दोन दिवस," वर्षा म्हणाली.

"हो. आम्हाला नियम माहीत होता. एकोणतिसाव्या दिवशी ठरलं होतं. आम्ही थांबलो."

"काऊन?"

"माह्या लेकीसाठी," छायाबाई दारातूनच म्हणाल्या. "ती परदेशात होती. मी म्हटलं, तिले येऊ दे."

"सही माझी होती," प्रणिता म्हणाली.

वर्षा खाली मान घालून बसली. तिचा अंगठा मोबाईलच्या काचेवरून फिरत होता. नकाशा मोठा होत होता, लहान होत होता. बाहेर कुणीतरी भंगार गोळा करत ओरडत गेलं. मग तिनं छायाबाईंकडे पाहिलं.

"पोचली का मंग ती?"

"पोचली."

"जिता होता?"

"होता. हात गरम होता त्याचा. तिनं धरला होता."

वर्षानं मान हलवली. "मले पाहू नाही देलं," ती म्हणाली. "चादर होती. मी म्हटलं, पाय तरी दाखवा. नाही दाखवले."

वर्षानं पाणी संपवलं, मोबाईल पिशवीत टाकला आणि दुपारची बस गाठायची आहे म्हणून उठली. छायाबाई तिच्यामागे अंगणापर्यंत गेल्या. त्यांनी तिचा हात धरायला आपला हात पुढं केला, पण वर्षानं तो घेतला नाही. फाटक उघडून ती बाहेर पडली, चार पावलं गेली आणि मागं वळली.

"तुमच्या लेकीले हे सांगू नका," ती म्हणाली.